गोदावरीचे आवाज रेकॉर्ड करतोय, पण नाला आणि धबधबा सारखाच ऐकू येतो, काय करावं?

काठावरचा
रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, इथं नुसता वाचत असतो, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

धंदा माझा लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचा. म्हणजे झूमचा छोटा रेकॉर्डर, एक बरा शॉटगन माईक, हेडफोन हे सगळं घरात आहेच आणि तिथी नसल्या की ते कपाटात धूळ खात पडतं. तर मी आणि दोन मित्र मिळून गोदावरीचे आवाज गोळा करायला लागलोय, त्र्यंबकपासून खाली नांदूर मधमेश्वरपर्यंत. डोक्यात असं आहे की २०२७च्या सिंहस्थाच्या आधी त्यातून चाळीसेक मिनिटांचं एक ऐकायचं काम तयार करायचं. गाणं नाही, डॉक्युमेंटरी नाही, कॉमेंट्री तर अजिबात नाही, साऊंड आर्ट म्हणतात तसलं. गंगेवरच्या (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) एखाद्या जुन्या वाड्यातली खोली मिळाली तर लोकांनी तिथं अंधारात बसून नुसती नदी ऐकायची.

कल्पना काही माझी नाही. अ‍ॅनिया लॉकवूड म्हणून मूळच्या न्यूझीलंडच्या संगीतकार आहेत, त्यांनी हडसन नदी उगमापासून समुद्रापर्यंत ठिकठिकाणी रेकॉर्ड करून १९८२ साली तिचा आवाजाचा नकाशा केला. मग २००१ ते २००४ डॅन्यूबच्या काठाकाठाने फिरून तेच काम अजून मोठं केलं आणि त्यात काठावरच्या माणसांना त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलतं केलं, नदी म्हणजे काय असं विचारून. ते ऐकलं आणि वाटलं आपल्या तर दाराशी नदी आहे, आपण का नाही.

आता अडचण सांगतो. आम्हाला नदीचे हाल ऐकवायचेत. सोमेश्वरचा धबधबा रेकॉर्ड केला आणि खाली शहरात एक नाला नदीत पडतो तोही केला. त्या नाल्यापाशी नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभं राहवत नाही इतका वास. घरी येऊन दोन्ही क्लिपा नाव न सांगता मित्रांना आणि घरच्यांना ऐकवल्या तर बहुतेकांना नालाच आवडला! आई म्हणते हे कुठलं रे, किती शांत वाटतंय, मला मोबाईलमध्ये टाकून दे झोपताना लावायला. बोला आता.

तर विचारायचंय ते असं की घाण ऐकू कशी आणायची? हायड्रोफोन म्हणजे पाण्याखालचा माईक घेतला तर फरक कळेल का, तो घरी बनवता येतो का, कारण बाहेरून मागवायची आमची ऐपत नाही. आणि खरं खरं सांगा, हे असलं कोणी ऐकणार आहे का, का आपलं सप्तपदीला शहनाई लावत बसावं?


माईकवाला_मामा
सोमवार, सकाळी ७:१५

नाला आवडला यात आईंचा काही दोष नाही. वाहत्या पाण्याची जी खळखळ आपण ऐकतो ती बहुतेक सगळी बुडबुड्यांची असते. पाणी दगडावर आपटलं की हवा आत सापडते, तिचा बुडबुडा होतो आणि तो आकसत-फुगत एखाद्या चिमुकल्या घंटीसारखा वाजतो. मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ सालीच याचं गणित मांडून ठेवलंय. १ मिमी त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३.३ किलोहर्ट्झला वाजतो, ३ मिमीचा १ किलोहर्ट्झच्या थोडा वर. आता त्या बुडबुड्याला काय पडलंय की पाणी ब्रह्मगिरीवरून आलंय का कोणाच्या संडासातून. उंची, दगड आणि पाण्याचा जोर जुळला की आवाजही जुळणार.

एक फरक मात्र ऐकू येतो. तपोवनाकडे कधीकधी साबणाचा फेस चढतो ना, तो थर पाण्यावर बसला की वरचे बारीक शिंतोड्यांचे आवाज खाऊन टाकतो आणि खालची घुमघुम तेवढी उरते. फेस असतानाचं आणि नसतानाचं, एकाच जागेवरून, माईक त्याच उंचीवर, गेन म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी हलवायची नाही, असं करून बघ. आणि माईक फेसाच्या अगदी जवळ नेलास तर तो चरचर फुटताना ऐकू येतो. तोही गोड लागतो हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर परत इथं येऊन विचारशील.

हायड्रोफोन घरी होतो. बझरमध्ये असते ती २७ मिमीची पिझो चकती, एम.जी. रोडला कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात चिल्लर पैशात मिळते. तिला शिल्डेड वायर सोल्डर कर आणि दोन्ही बाजूंनी अ‍ॅरल्डाइटचा पातळ थर दे, कडेला आणि वायर शिरते तिथं जास्त, कारण पाणी तिथूनच घुसतं. खरी मेख पुढे आहे. चकतीचा इंपिडन्स (विजेला होणारा अडथळा) खूप जास्त, ती थेट माईकच्या भोकात खुपसली की बेस सगळा गायब होतो आणि नुसतं किरकिरं काहीतरी येतं, मग लोक म्हणतात देशी हायड्रोफोन बेकार. मध्ये एक एफईटीचा बफर, म्हणजे ट्रान्झिस्टरचं छोटं सर्किट टाकायचं, नवव्होल्टच्या बॅटरीवर चालतं, रेडिओ दुरुस्तीवाला कोणीही अर्ध्या तासात करून देईल. रेकॉर्डरचं प्लग-इन पॉवर (माईकला वीज पुरवणारं सेटिंग) बंद ठेव. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि लो-कट (खर्ज कापणारं बटण) तिथं लावू नकोस, काय कापायचं ते घरी स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र बघून ठरव.

आणि वाहत्या धारेत सोडू नकोस बाबा. पाणी चकतीवर घासतं त्याचीच घरघर रेकॉर्ड होते आणि माणूस खूश होतो की नदी बोलली! दगडाच्या आडोशाला, डोहाच्या कडेला, जिथं पाणी संथ आहे तिथं सोडायचा. वायर काठाला टेकते तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाल, नाहीतर तुझ्या हाताची थरथर सगळी आत उतरेल.


पाणी_तपासणारी
सोमवार, दुपारी ३:०५

मामांनी यंत्राचं सांगितलं, मी प्राणिशास्त्र शिकवते आणि पोरांना घेऊन नदीवर नमुने घ्यायला जाते, तर त्या अंगाने थोडं. थोडं म्हणता म्हणता जास्त होणार आहे.

आवाजावरून 'इथे प्रदूषण आहे' असं कुठल्याही पाटीवर लिहू नका, कोणीही शहाणा माणूस तुम्हाला एका मिनिटात गप्प करेल. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष आहेत, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नको आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना खाल्ला जाणारा ऑक्सिजन) ३ पेक्षा जास्त नको, आणि हे बाटली भरून लॅबमध्ये नेल्यावरच कळतं. कानाला कळत नाही.

पाण्याखाली माईक सोडल्यावर तर अजून गंमत आहे. तिथे सगळ्यात जास्त आरडाओरडा कोण करतं माहितीये? कीटक. मायक्रोनेक्टा म्हणून एक पाणकिडा आहे, जेमतेम २ मिमी लांब, त्याच्या युरोपातल्या एका जातीचा आवाज २०११च्या एका अभ्यासात ९९ डेसिबलपर्यंत मोजला गेला, अंगाच्या मानाने बघितलं तर प्राण्यांमध्ये वरचा नंबर. तो कशाने वाजवतो ते इथे लिहीत नाही, शोधा आणि एकट्याने वाचा, मी वर्गात सांगितलं तेव्हा पंधरा मिनिटं तास बंद पडला होता. या कुळातले किडे आपल्याकडच्या डबक्यांतही आहेत. पण हे वर येऊन हवा घेऊन जातात, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी यांचं काही बिघडत नाही. उलट ज्यांच्यावरून आम्ही पाणी चांगलं आहे असं ओळखतो, त्या मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लायच्या अळ्या, त्या दगडाखाली गुपचूप बसलेल्या असतात. त्यामुळे पाण्याखाली गजबज ऐकू आली म्हणजे नदी निरोगी असं समजू नका, आणि शांत आहे म्हणजे मेली असंही नाही.

दुसरं. तुम्हाला वाटत असेल रामकुंडावरचे भोंगे, ढोल, डीजे याने पाण्यातले जीव हैराण होत असतील. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरतच नाही, पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परत फिरतो, हजारातला एखादा भाग आत जातो. आत शिरतं ते वेगळंच. काठावरच्या मोटारी, पाण्यात सोडलेले पंप, काँक्रिटला बसणारे हादरे, पुलावरून गेलेला डंपर. ही कंपनं जमिनीतून आणि भिंतीतून थेट पाण्यात उतरतात. त्यामुळे वर एक माईक आणि खाली एक असं एकाच वेळी रेकॉर्ड केलंत तर तुम्हाला दोन वेगळी नाशिकं ऐकू येतील, वर मिरवणूक चाललेली असेल आणि खाली कुठल्या तरी पंपाची गुणगुण. मला विचाराल तर तुमच्या कामातली सगळ्यात भारी जागा तीच.

तिलापियाचं सांगते. आफ्रिकेतला मासा, आता आपल्याकडे जिथे बघावं तिथे. मोझांबिक तिलापियाचा नर तळाच्या मातीत खड्डा खणतो आणि मादी जवळ आली की खर्जात गुरगुरतो. आता उथळ पाण्यात खर्ज लांब जात नाही. तळ टणक आणि पाणी मीटरभर खोल असेल तर साधारण ३७० हर्ट्झच्या खालचं सगळं थोड्या अंतरातच विरून जातं, म्हणजे अगदी त्याच्या खड्ड्याशेजारी माईक हवा. आणि जिथे कुंडाचा तळच काँक्रिटचा करून टाकलाय तिथे तो खणणार कुठे?

आपला खास नाशिकचा मासा तर वेगळाच. देवळाली मिनो, पॅराप्सिलोरिंकस प्रॅटेरी, १९३८ साली देवळालीजवळच्या दारणेतून त्याची पहिली नोंद झाली, आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. बोटभर मासा. नाशिकमध्ये दहा जणांना विचारा, एकालाही नाव माहीत नसेल. असा जीव आवाजाच्या कामात कसा आणणार हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे, मला उत्तर सुचत नाही, पण तो सोडून दारणा-गोदावरीचं काम केलंत तर मी येऊन भांडेन.

अजून एक सोपा प्रयोग. पाण्याखालच्या वनस्पतींवर ऊन पडलं की प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे सुटतात आणि त्यांची टिकटिक हायड्रोफोनवर येते. पाणवेलींनी झाकलेल्या पाण्यात ऊनच पोचत नाही. भर दुपारी एकदा मोकळ्या पाण्यात आणि एकदा पाणवेलींखाली, हे शेजारी शेजारी ठेवा, काही सांगावं लागणार नाही.

बर्नी क्राउस म्हणून अमेरिकन रेकॉर्डिस्ट, त्यांनी कॅलिफोर्नियातलं एक कुरण १९८८ साली, आसपासची निवडक झाडं तोडायच्या आधी, रेकॉर्ड केलं आणि १९८९ला तोडल्यानंतर परत तिथेच. फोटोत फरक दिसत नव्हता, आवाजात पक्षी जवळजवळ संपलेले. त्यांच्याकडे 'आधीचं' होतं म्हणून 'नंतरचं' बोललं. आपल्याकडे घाटांची कामं सुरू आहेत, तपोवनातल्या झाडांवरून केवढा गदारोळ झाला. आज जे रेकॉर्ड कराल ते उद्या कोणाचं तरी 'आधीचं' असणार आहे. तारीख, वेळ, जागा, गेन, धरणाचा विसर्ग, सगळं वहीत लिहा. कला नंतर करा.


रोखठोक_नाशिककर
सोमवार, दुपारी ४:२२

एवढ्या वेळात दोन ट्रॉली पाणवेली काढून झाल्या असत्या. अंधाऱ्या खोलीत बसून नदी ऐकणार म्हणे. नदी पाच मिनिटांवर आहे, जा की. राग मानू नका पण हे पोट भरलेल्यांचे उद्योग आहेत.


काठावरचा
सोमवार, रात्री १०:१०

रोखठोक दादा, राग नाही. पाणवेली काढायला पण जातो, तिकडे तुम्ही दिसला नाहीत कधी 😀

बाकी मामा, ताई, दोघांचे खूप आभार. बफरचं काम गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे दिलंय, तो म्हणाला नदीत टाकायला माईक करतोयस तर विमा काढ. ताई ते वर-खाली दोन माईकचं डोक्यात घट्ट बसलंय.


पंचवटीतले_काका
मंगळवार, सकाळी ६:३०

मुला, तुझं वाचलं. मी गंगेवरच लहानाचा मोठा झालो. तुला हवं ते यंत्राचं ज्ञान माझ्याकडे नाही, पण नदीचा आवाज बदलताना ऐकलाय तो सांगतो.

आमच्या लहानपणी पहाटे पहिला आवाज धुणं आपटण्याचा. मग सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्याचा, तो घरात अंथरुणात ऐकू यायचा. बुधवारच्या बाजाराचा गलका वेगळा, त्यात गुरांच्या गळ्यातल्या घंटा. नारोशंकराच्या देवळावरची ती मोठी घंटा तर सगळ्यांना ठाऊक, वसईला पोर्तुगीजांवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून आणलेली. म्हणजे बघ, आमच्या गंगेकाठचा सगळ्यात मोठा आवाज मुळात परमुलखातला.

पण तुला जे विचारायचंय, नदीचे हाल ऐकू कसे येतील, ते मला वाटतं तू चुकीच्या ठिकाणी शोधतोयस. नाल्यात नको शोधू. आज शहरातल्या गंगेला आवाज आहे की नाही हेच मुळी वर गंगापूर धरणावर ठरतं. दरवाजा उघडला तर आवाज, मिटला तर डबकं. २०१६ सालचं आठवतंय का कोणाला? त्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं ठाक पडलं, भाविकांना बुडी मारायला टँकरने पाणी आणून ओतलं. टँकरचा पाईप कुंडात पडतानाचा आवाज मी काठावर उभं राहून ऐकलाय. आणि त्याच वर्षी ऑगस्टात पूर, दुतोंड्या मारुती बुडाला, ज्या मूर्तीवरून आम्ही पूर मोजतो तो. एका वर्षात दोन्ही. यातलं निसर्गाचं किती आणि माणसाचं किती ते तू तुझ्या यंत्राने वेगळं काढून दाखव.

पुराचा आवाज लोकांना वाटतो तसा नसतो. पाणी चढायला लागलं की आधी भोंग्यावरून सूचना येते, विसर्ग वाढतोय, टपऱ्या हलवा. मग टपरीवाल्यांची पळापळ, पत्रे ओढल्याचे आवाज, आणि सगळीकडे एकच प्रश्न, मारुतीच्या कुठवर आलं? कंबरेला, छातीला. जसजसे सांडवे आणि पायऱ्या पाण्याखाली जातात तसतशी खळखळ कमी होते, कारण पडायला उंचीच राहत नाही. मग एक जाड घोंघाट उरतो, तो पायातून कळतो. १९६९च्या पुरात मी शाळकरी पोर होतो, आजी म्हणाली होती की गंगा बोलायची थांबली की माडीवर जायचं. मामा त्याचं शास्त्र सांगतील.

आता कान उघडे ठेवून एक ऐक. रामकुंडावर सकाळी दहाव्याचे विधी चालतात. कावळ्यांचा आवाज, भटजींचा, मध्येच एकदम शांतता, पिंडाला कावळा शिवायची सगळे वाट बघतायत. तुझ्या माईकला ते सोनं वाटेल. पण ती माणसं कालपरवा कोणाला तरी पोचवून आलेली असतात. त्यांच्या तोंडापुढे काठीला केसाळ बोळा लावून उभा राहू नकोस. लांबून घे, कोणाचं नाव-गोत्र ऐकू येईल असं काही ठेवू नकोस, आणि विचारून घे. भटजीला नाही, घरच्यांना.


माईकवाला_मामा
मंगळवार, सकाळी ९:००

काका, आजींचं शास्त्र एकदम बरोबर आहे. उंचीवरून पडणं बंद झालं की हवा आत सापडत नाही, बुडबुडे गेले, वरचा सूर गेला. उरते ती पाण्याची आणि तळाशी गडगडणाऱ्या दगडगोट्यांची कंपनं.

आणि काका, माझ्या मनात बरेच दिवस होतं ते तुम्ही बोललात. वर ताईंनी ज्यांचं नाव घेतलं ते क्राउस आवाजाचे तीन कप्पे करतात, जिओफनी म्हणजे वारा-पाण्याचे, बायोफनी म्हणजे प्राण्यांचे आणि अँथ्रोपोफनी म्हणजे माणसाचे. जंगलात ठीक आहे. आता धरणातून सोडलेलं पाणी होळकर पुलाखालून घरंगळतंय तर ते कुठल्या कप्प्यात टाकायचं? पाणी निसर्गाचं, ज्या सांडव्यावरून पडतंय तो माणसाने बांधलेला, आणि कधी पडायचं ते ठरवणारा सरकारी खुर्चीत बसलेला. नाशिकमध्ये हे कप्पे करायला गेलं की सगळं एकाच कप्प्यात जातं.


गोदाकाठ_निफाड
मंगळवार, रात्री ११:५५

राम राम. मी खालच्या अंगाचा, सायखेड्याकडचा. शहरवाल्यांचं सगळं आमच्याकडंच येतं तवा बोलायचा हक्क आहे.

ताई म्हणाल्या मोटारींचा आवाज पाण्यात जातो. आमच्याकडं या आणि ऐका, नदीला मोटारी इतक्या की मोजायच्या नाहीत. शेतीची लाईट कधी दिवसाची पाळी कधी रात्रीची, लाईट आली की ऑटो स्टार्टर टकाटक पडतात आणि एका मागोमाग एक सगळ्या चालू, अख्खा काठ घुमतो. आणि लाईट गेली की सगळ्या एकदम बंद. तवा पहिल्यांदा नदीचं काहीतरी ऐकू येतं, बेडूक, टिटवी, मासा उडाल्याचा आवाज. म्हणजे आमची नदी कधी ऐकू येणार ते लाईटच्या टाईमटेबलावर. काका धरणाचं बोलले, आमच्याकडं धरण आणि वीज दोन्ही. रेकॉर्डिंग करायला आला तर आमच्या भागातल्या पाळीची वेळ सांगतो, लाईट जायच्या दहा मिनिटं आधी येऊन बस.

पाणवेलींचं म्हणाल तर पहिल्या पुरात वरून सगळा गालिचा सुटून येतो आणि सायखेड्याच्या पुलाला अडकतो. तो दाबाने करकरतो तो आवाज कोणी घेतला नसंल. नंतर जेसीबी.

आता नांदूर मधमेश्वरचं. तुम्ही लोक असं धराल की वर शहरात घाण आणि खाली अभयारण्यात निसर्ग, शेवट गोड. तसं नाही भो. तो बंधाराच इंग्रजांच्या काळातला, १९०७ ते १९१३मध्ये बांधलेला, गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी. मागं गाळ साचत गेला, उथळ पाणी झालं, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या म्हणून पक्षी आले. २०२० साली रामसरचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रातलं पहिलं. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, क्रौंच, पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर नुसतं उभं राहिलं तरी कान भरतात. पण हे सगळं माणसाने नदी अडवली म्हणून आहे. आणि त्याच बंधाऱ्यातून जायकवाडीला पाणी सुटतं, त्यावरनं आमची आणि मराठवाड्याची भांडणं, कोर्टकचेऱ्या. पक्षी ऐकताना ते पण ऐकवा. आमच्या द्राक्षाला पाणी तिथूनच आणि पैठणच्या पुढच्या माणसाला प्यायला पण तिथूनच. कोणाची बाजू घ्यायची ते तुमचं तुम्ही बघा, मी माझी घेणार.

अभयारण्यात पक्ष्यांचे आवाज मोबाईलवर वाजवून त्यांना बोलावू नका. काही हौशी लोक करतात. आणि वनखात्याची परवानगी आधी काढा, बाकी जेवायला आमच्याकडं या.


रोखठोक_नाशिककर
बुधवार, सकाळी ८:४०

लाईट जाण्याचं रेकॉर्डिंग झालं की लिंक टाका. ते ऐकीन.


काठावरचा
बुधवार, रात्री ११:२०

मंडळी, तीन दिवसांत एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रोखठोक दादांचं पण मन वळलं म्हणजे जिंकलो.

आम्ही तिघं आज बसलो होतो. आधीचा प्लॅन होता उगमापासून खाली क्रमाने जायचं, स्वच्छ ते घाण, आणि शेवटी पक्षी. तो पूर्ण गुंडाळला. आता ठरवलंय की प्रत्येक तुकड्यात कोणीतरी काहीतरी उघडतंय किंवा बंद करतंय असं हवं. धरणाचा दरवाजा, सायखेड्याची लाईट, टँकरचा पाईप (हा आता कुठून आणायचा ते बघतो, काकांचं वर्णनच त्यांच्या आवाजात घेऊ म्हणतोय, काका नाही म्हणू नका), जायकवाडीला सोडलेलं पाणी. मध्ये रामकुंड, डाव्या कानात वरचा माईक आणि उजव्या कानात पाण्याखालचा. आणि नाला आहे तसा पाच मिनिटं, न कापता, न सांगता. बाहेर पडताना दारावर छोटी चिठ्ठी, त्यावर जागा आणि लॅबमधला बीओडीचा आकडा, बास. ताई, तो नमुना तुमच्या पोरांकडून तपासून मिळेल का? देवळाली मिनोसाठी जागा ठेवलीये, काय करायचं ते अजून कळत नाहीये, तुम्ही भांडायला या तेव्हा ठरवू.

अंधाऱ्या खोलीचा हट्ट पण सोडलाय. ऑस्ट्रेलियात लीआ बार्कले यांनी रिव्हर लिसनिंग म्हणून २०१४पासून काम केलंय, त्यात नदीकाठी चालताना जागेप्रमाणे फोनवर आवाज सुरू होतात. आपल्याला गोदापार्क ते तपोवन तसं करता येईल, हेडफोन ज्याचे त्याचे. घाटावर स्पीकर लावून हे काम वाजवलं तर काका मला गंगेत ढकलतील.

एक अडलंय. त्र्यंबक गावात नदी स्लॅबखालून वाहते, तिथला आवाज हवाय, वर बाजार आणि खाली नदी. कुठून माईक सोडता येईल कोणाला माहितीये का?


ब्रह्मगिरीच्या_पायथ्याला
गुरुवार, सकाळी ७:५०

आमच्या घरामागेच आहे असं समज. जागा दाखवतो, पण इथं जाहीर लिहीत नाही, नाहीतर उद्या सेल्फीवाले येतील. श्रावणात येऊ नको, त्यात सोमवारी तर अजिबात नको, नदी सोड तुला स्वतःचा आवाज ऐकू येणार नाही. गणपती झाले की ये, पाणी असतं आणि गर्दी उतरलेली असते. वायर किती लांब आहे तुझी? निदान वीस फूट आण, आणि ते सायकलच्या ट्यूबचे तुकडे जास्तीचे आण, स्लॅबची कड धारदार आहे. गाडी बाहेरच लाव, गावात आणलीस तर दिवस पार्किंगमध्येच जाईल. मेसेज कर, नंबर देतो.


पाणी_तपासणारी
गुरुवार, दुपारी १:३०

नमुना तपासून देऊ, पण बाटली आमची आणि भरणार आम्ही, तुमच्या बिसलेरीच्या बाटलीत आणलेलं पाणी मी घेत नाही. त्र्यंबकला जाणार असाल तर मला पण कळवा, स्लॅबखालचा नमुना मला बरेच दिवस हवा आहे.